मुख्याध्यापकपद ही बढती नाही

शाळेला मुख्याध्यापक नेमायची वेळ आली की वाद ठरलेल्या दोन बाकांवर जाऊन बसतो. पहिल्या बाकावरचे म्हणतात, ज्याने वीस-पंचवीस वर्षं फळ्यासमोर काढली त्यालाच ती खुर्ची मिळावी, कारण शाळा शिक्षकालाच कळते. दुसऱ्या बाकावरचे म्हणतात, शाळा चालवणं हे व्यवस्थापनाचं काम आहे. पैसा, इमारत, माणसं आणि कायदा ज्याला कळतो असा माणूस बाहेरून आणा आणि शिक्षकांना शिकवू द्या. दोघं तावातावाने भांडतात, पण प्रश्न एकच असतो: कोणाला बसवायचं? बसवलेल्या माणसाला ते काम येणार कसं, तो ते कुठे शिकणार आणि शिकून होईपर्यंत शाळेचं काय होणार, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की मुख्याध्यापक शिक्षकांमधूनच यावा, पण त्या पदाला शिक्षकीची वरची पायरी समजणं आपण सोडून द्यावं. तो वेगळा व्यवसाय आहे. त्याची उमेदवारी वेगळी आहे, आणि ती खुर्चीत बसण्याआधी करायला हवी.

गोंधळ नावापासून सुरू होतो. मुख्याध्यापक म्हणजे मुख्य अध्यापक. इंग्रजीतला ‘प्रिन्सिपल’ हा शब्दही मुळात विशेषण होता. ‘प्रिन्सिपल टीचर’मधला टीचर कालांतराने गळून पडला. एके काळी हे नाव शब्दशः खरं होतं. इंग्लंडमधल्या रग्बी शाळेचे १८२८ साली मुख्याध्यापक झालेले थॉमस आर्नल्ड सर्वांत वरचा वर्ग स्वतः शिकवत आणि त्या वर्गातल्या मुलांच्या हातून उरलेली शाळा चालवत. एकाच मोठ्या दालनात अनेक तुकड्या बसत, त्या काळात मुख्य शिक्षकाला सगळं दिसत आणि ऐकू येत असे. १८४७ साली बॉस्टनमध्ये क्विन्सी शाळा उभी राहिली, ती बारा वेगळ्या खोल्यांची. प्रत्येक खोलीत एक शिक्षक, एक इयत्ता. पुढे हीच रचना सगळीकडे पसरली. भिंती उभ्या राहिल्या त्या दिवशी मुख्य शिक्षकाचं काम बदललं. आता त्याला न दिसणारं शिकवणं सांभाळायचं होतं, दुसऱ्यांच्या हातून चालणारं काम सुधारायचं होतं. काम बदललं, नाव तेच राहिलं, आणि नावाबरोबर ही समजूतही राहिली की उत्तम शिकवणाऱ्याला हे आपोआप जमेल.

सेवाज्येष्ठतेची बाजू हलक्यात घेण्यासारखी नाही. ज्येष्ठतेच्या यादीत वशिला घुसवणं अवघड असतं. तारीख ही तारीख असते. ती कोणाच्या मर्जीने पुढे-मागे होत नाही. जिथे निवड समितीवरच विश्वास नसतो तिथे ‘गुणवत्तेनुसार निवड’ या शब्दांचा अर्थ ‘आपल्या माणसाची निवड’ असा व्हायला वेळ लागत नाही, आणि ज्येष्ठतेचा नियम हीच दुबळ्याची ढाल ठरते. शिवाय ज्येष्ठ शिक्षकापाशी शाळेची स्मृती असते. कोणता उपक्रम पूर्वी का फसला, कोणत्या दोन सहकाऱ्यांना एका समितीत ठेवू नये, हे कुठल्याही दप्तरात लिहिलेलं नसतं. हे सगळं मान्य. पण वशिला रोखणं हा निवडीच्या पद्धतीचा गुण झाला. त्याने निवडलेल्याला काम येतं असं सिद्ध होत नाही. ज्येष्ठता सांगते की या माणसाने एक काम दीर्घकाळ केलं आहे. तिच्यावरून दुसऱ्या कामाचा अंदाज कसा बांधायचा?

ज्येष्ठतेऐवजी ‘सर्वोत्तम शिक्षक’ हा निकष लावला तरी हीच अडचण येते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांच्या विक्री विभागांची माहिती तपासली गेली. कंपन्या सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना व्यवस्थापक करत होत्या. पण बढतीपूर्वी ज्याची स्वतःची विक्री जास्त, त्याच्या हाताखालच्यांची कामगिरी बढतीनंतर उलट खालावत होती. शाळा म्हणजे दुकान नव्हे, हे खरंच. तरी यामागचं कारण शाळेला जसंच्या तसं लागू पडतं. उत्तम शिक्षकाचं बरंचसं कौशल्य त्याच्या अंगात मुरलेलं असतं. मुलाचा चेहरा पाहून उदाहरण बदलायचं, प्रश्न विचारून किती सेकंद थांबायचं, हे तो विचार न करता करतो, आणि जे विचार न करता होतं ते दुसऱ्याला उलगडून सांगणं सर्वांत कठीण. म्हणूनच असा मुख्याध्यापक कमकुवत शिक्षकाचा तास पाहून बाहेर येतो आणि म्हणतो, “मुलांना जरा गुंतवून ठेवा.” त्या शिक्षकाला नेमकं तेच तर जमत नसतं.

व्यवस्थापकाच्या बाजूनेही दोन भक्कम मुद्दे आहेत. पहिला असा की मुख्याध्यापकाच्या दिवसातला मोठा भाग शिकवण्याशी संबंधित नसतोच. फ्लोरिडातल्या मायामी-डेड जिल्ह्यात संशोधकांनी सुमारे शंभर मुख्याध्यापकांच्या मागे दिवसभर राहून ते काय करतात याची नोंद केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार अध्यापनाशी संबंधित कामांना त्यांचा जेमतेम १३ टक्के वेळ मिळत होता. मग उरलेल्या ८७ टक्क्यांसाठी शिक्षक कशाला हवा? दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे: प्रत्येक चांगला शिक्षक खुर्चीत गेला की एक वर्ग पोरका होतो, आणि त्याबदल्यात शाळेला कच्चा प्रशासक मिळतो.

या मुद्द्यांना उत्तर देताना रुग्णालयांकडे पाहावं. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत १९८३ साली रॉय ग्रिफिथ्स यांच्या अहवालानंतर जनरल मॅनेजर ही व्यवस्था आली. ग्रिफिथ्स किरकोळ विक्रीच्या व्यवसायातले होते, आणि डॉक्टर-परिचारिकांच्या सहमतीवर चालणाऱ्या कारभारात नेमकं उत्तरदायी कोण हेच कळत नाही, हे त्यांचं निदान चुकीचं नव्हतं. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या भीषण हेळसांडीच्या चौकशीचा अहवाल आला. संचालक मंडळाचं लक्ष आर्थिक उद्दिष्टांवर आणि संस्थेला स्वायत्त दर्जा मिळवण्यावर होतं, खाटेवरच्या रुग्णाकडे नव्हतं, असं त्यात नोंदवलं गेलं. पहिल्या घटनेने दुसरी घडवली असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण वरच्या टेबलावर बसणाऱ्याला खाली चाललेल्या कामातलं बरं-वाईट ओळखता येत नसेल, तर तो जे मोजता येतं त्यावरच विसंबतो, एवढं त्यातून नक्की दिसतं. शाळेतही हेच होतं. ज्याला गणिताचा तास पाहून मुलं समजून सोडवताहेत की फळ्यावरचं उतरवताहेत हे कळत नाही, तो निकालाचे टक्के, हजेरी आणि वहीवरच्या लाल शेऱ्यांची संख्या पाहतो. आणि शिक्षकही मग तेवढंच पुरवू लागतात. १३ टक्के वेळेचा अर्थ त्यामुळे उलटा लावायला हवा. शिकवणं कळणारा माणूस अनावश्यक आहे असं तो आकडा सांगत नाही. शिकवणं कळणाऱ्या माणसाला आपण दुसऱ्याच कामांत बुडवतो, हे तो सांगतो.

मग वेगळा व्यवसाय म्हणजे नेमकं काय? वीस तुकड्यांची शाळा घ्या. प्रत्येक तुकडीला आठवड्याला ४५ तासिका, म्हणजे ९०० तासिका. शिक्षकामागे आठवड्याला ३० तासिका धरल्या तर ३० शिक्षक लागतात आणि हिशोब काठोकाठ बसतो. आता रोज सरासरी दोन शिक्षक रजेवर आहेत असं धरा. प्रत्येकाच्या सहा तासिका म्हणजे दिवसाला १२ बदली तासिका. २०० दिवसांच्या वर्षात २४००. या २४०० तासिकांत मुलं काय करतात, हा प्रश्न कोणत्याही एका शिक्षकाच्या डोळ्यांसमोर कधीच येत नाही, कारण त्याच्या वाट्याला आठवड्यातून दोन-तीन येतात आणि तो त्या निभावून नेतो. मुख्याध्यापकाला मात्र त्या एकत्र दिसायला हव्यात. प्रत्येक विषयाचे कोणालाही घेता येतील असे तयार धडे फाईलमध्ये ठेवणं, बदली तासिका कोणावर किती पडल्या याचा तक्ता शिक्षकांच्या खोलीत लावणं, रजा आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवण्याची सवय लावणं ही रुक्ष कामं वाटतात. पण यातून जेवढं शिक्षण वाचतं तेवढं स्वतः उत्तम तास घेऊन वाचत नाही. नवा मुख्याध्यापक करतो काय? रिकामा वर्ग दिसला की स्वतः आत शिरतो. जुन्या ओढीने, चांगल्या हेतूने. त्या वर्गाचा तास छान होतो आणि उरलेले अकरा तसेच जातात.

पहिल्या वर्षातल्या बहुतेक चुका अशाच, वर्गात गुण असलेल्या सवयींतून होतात. वर्गात तत्काळ उत्तर देणं चांगलं. व्हरांड्यात अडवून विचारलेल्या गोष्टीला दिलेलं “बघूया” मात्र ऐकणाऱ्याच्या कानात “हो” होऊन बसतं. आठवड्याभरात अशी दहा आश्वासनं जमतात, त्यांतली चार एकमेकांना छेद देणारी असतात, आणि महिन्याभरात ‘हे शब्द पाळत नाहीत’ अशी ख्याती होते. उपाय साधा आहे: मागणी दोन ओळींत लेखी घ्यायची, उत्तराचा वार ठरवून सांगायचा आणि त्या वारी, नकार असला तरी, उत्तर द्यायचं. वर्गात पहिल्याच दिवशी शिस्त घालून द्यावी लागते; शाळेत पहिल्या सत्रात वेळापत्रक, गणवेश, परिपाठ आणि गृहपाठाचं धोरण एकदम बदललं तर कशामुळे काय घडलं हेच कळत नाही, आणि जुन्या पद्धतीमागचं कारण लक्षात येईपर्यंत ती मोडलेली असते. वर्गातलं मूल चुकलं तर सर्वांसमोर हळुवार दुरुस्त करता येतं. सहकाऱ्याला बैठकीत दुरुस्त केलं तर तो पुढची पाच वर्षं बैठकीत तोंड उघडत नाही.

सर्वांत जड असतं ते कालपर्यंत शेजारच्या खुर्चीवर चहा पिणाऱ्या मित्राशी बोलणं. तो रोज दहा मिनिटं उशिरा येतो हे नव्या मुख्याध्यापकाला आधीपासून माहीत असतं. माहीत नसल्याचं सोंगही घेता येत नाही. इथे दोन टोकं दिसतात. कोणी डोळेझाक करतो, कोणी निःपक्षपातीपणा दाखवायला मित्रालाच पहिली नोटीस देतो. दोन्हींत शिक्षकवर्ग कारभाराबद्दल चुकीचा निष्कर्ष काढतो. पहिल्या आठवड्यातच, एकांतात, स्वच्छ शब्दांत “यापुढे तुझा उशीर मला नोंदवावा लागेल” हे सांगणं हाच त्यातल्या त्यात कमी वेदनेचा मार्ग. हे वाक्य ऐनवेळी सुचत नाही. ते आधी कोणासमोर तरी बोलून पाहिलेलं असावं लागतं.

आणि दप्तर. ‘ते लिपिक बघतील’ या विश्वासावर कित्येक प्रामाणिक शिक्षक चौकशीत अडकतात. पदभार घेताना कॅशबुकातली शिल्लक त्याच दिवसाच्या बँक खात्याशी जुळवायची, डेडस्टॉक रजिस्टरमधल्या, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतल्या, वस्तू प्रत्यक्ष मोजायच्या, अग्निशामक नळकांड्यांवरच्या मुदतीच्या तारखा पाहायच्या, प्रलंबित तक्रारी आणि न्यायालयीन प्रकरणांची यादी मागायची, किल्ल्यांची नोंद करायची, आणि या सगळ्यावर देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्या घ्यायच्या. यात दोन दिवस जातात. सत्काराच्या हारांमध्ये हे दोन दिवस मागणं संकोचाचं वाटतं, म्हणून बहुतेक जण मागत नाहीत, आणि नंतर आधीच्या कारकिर्दीतली तूट स्वतःच्या सहीखाली सापडते.

पाठ निरीक्षणाकडे मात्र थांबून पाहायला हवं, कारण शिक्षकाने मुख्याध्यापक होण्याचं खरं समर्थन तिथेच आहे. रूढ पद्धत अशी: वर्षातून एकदा पूर्ण तास पाहायचा, छापील नमुन्यात वीस-तीस रकाने भरायचे, शेवटी ‘समाधानकारक’. शिक्षक त्या दिवसासाठी खास पाठ बसवतो. पाहणाऱ्यालाही ते माहीत असतं. याच्या उलट टोकाला आहे वर्गांतून नुसती चक्कर मारणं. मायामीच्या त्याच अभ्यासात असं दिसलं, की मुख्याध्यापकांनी शिक्षकांना प्रत्यक्ष मार्गदर्शन करण्यात घालवलेल्या वेळेचा संबंध मुलांच्या प्रगतीशी चांगल्या बाजूने जुळत होता, तर नुसत्या फेऱ्यांचा तसा जुळत नव्हता. माध्यमिक शाळांत तर तो उलटाच होता. म्हणजे वर्गात जाणं पुरेसं नाही, जाऊन आल्यावर काय होतं ते महत्त्वाचं. तीस शिक्षकांच्या शाळेत हे गणित जमतं. वीस मिनिटं पाहायचं आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं बोलायचं. दिवसाला तीन भेटी म्हणजे पावणेदोन तास. आठवड्याच्या पाच दिवसांत पंधरा शिक्षक होतात, म्हणजे प्रत्येकाला पंधरवड्यातून एकदा भेट. त्या पंधरा मिनिटांत एकच गोष्ट हाती घ्यायची, आणि ती करून पाहण्याइतकी लहान हवी. “मुलांना गुंतवा” हा सल्ला झाला नाही. “प्रश्न विचारल्यावर नाव घेण्याआधी पाच सेकंद थांबा, आज बारापैकी दहा प्रश्नांत आधी नाव घेतलं गेलं” हा झाला. पुढच्या भेटीत तेवढंच पाहायचं. पाच सेकंदांचं मोल आणि ती मोजायची नजर बाहेरून आणलेल्या व्यवस्थापकापाशी कुठून येणार? आणि ती नजर असूनही सहकाऱ्याचा मान राखत हे बोलायचं कसं, हे निव्वळ शिक्षकी करून कुठे शिकायला मिळतं?

म्हणूनच उमेदवारी हवी. सिंगापूरमध्ये भावी मुख्याध्यापकांसाठी २००१ पासून सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालतो. स्कॉटलंडने ऑगस्ट २०२० पासून कायम मुख्याध्यापक होण्यासाठी स्वतंत्र पात्रता कायद्याने आवश्यक केली. इंग्लंडचा अनुभव मात्र सावध करणारा आहे: तिथे मुख्याध्यापकांची राष्ट्रीय पात्रता १९९७ मध्ये सुरू झाली, २००९ मध्ये नव्याने मुख्याध्यापक होणाऱ्यांना सक्तीची झाली आणि २०१२ मध्ये ती सक्ती काढून टाकली गेली. सक्तीचं प्रमाणपत्र केलं की ते मिळवण्याची शर्यत लागते आणि आधीच दुर्मीळ असलेले उमेदवार आणखी घटतात, हा आक्षेप खोटा नाही. माझा भर प्रमाणपत्रावर नाहीच. खुर्चीत बसण्याच्या आधीच्या वर्षात काही कामं स्वतःच्या हातून झालेली असावीत, एवढाच आग्रह आहे. एका सत्राचं पूर्ण वेळापत्रक, बदली तासिकांसह, चालवलेलं असावं. एक परीक्षा प्रश्नपत्रिकेपासून निकालपत्रापर्यंत नेलेली असावी. एका विभागाचं अंदाजपत्रक मांडून वर्षअखेरीस खर्चाशी ताडून पाहिलेलं असावं. पालकांच्या पाच-सहा तक्रारींच्या वेळी शेजारी बसून फक्त ऐकलेलं असावं. आणि किमान वीस तास दुसऱ्या एका अनुभवी निरीक्षकाबरोबर बसून पाहिलेले असावेत: दोघांनी वेगवेगळ्या नोंदी करायच्या, मग ताडायच्या. पहिल्या पाच तासांत दोघांच्या नोंदी दोन वेगळ्या वर्गांच्या वाटतात. विसाव्यापर्यंत त्या जवळ येऊ लागतात.

लहान शाळांचं काय, हा आक्षेप उरतो. चार शिक्षकांच्या शाळेत एकाला वर्षभर उमेदवारीला कोण मोकळा ठेवणार? खरं आहे. पण वरच्या यादीतलं कोणतंही काम पूर्णवेळ रजा मागत नाही; आठवड्याला चार-पाच तासिका मोकळ्या मिळाल्या तर भागतं, आणि शेजारच्या तीन-चार शाळांनी मिळून एकमेकांच्या उमेदवारांना आपल्याकडे काम दिलं तर अनुभवही आपल्या चार भिंतींपुरता राहत नाही. उलट लहान शाळेतच याची गरज जास्त, कारण तिथे सावरून घेणारा उपमुख्याध्यापक नसतो.

मुख्याध्यापकाने शिकवणं सोडू नये, हा माझा दुसरा आग्रह. जर्मनीत शाळाप्रमुखाच्या तासिका शाळेच्या आकारानुसार कमी केल्या जातात. फ्रान्समध्ये प्राथमिक शाळेचा संचालक वर्गांच्या संख्येनुसार वर्गातून सूट मिळवतो. दोन्हीकडे गृहीत एकच: प्रमुख हा शिकवणारा माणूस आहे आणि सूट मोजून द्यायची असते. वीस तुकड्यांच्या शाळेत आठवड्याला चार तासिका, एकाच तुकडीच्या, दिवसाच्या पहिल्या तासाला. पहिला तास अशासाठी की तोवर दिवसाच्या कटकटी सुरू झालेल्या नसतात. यावर म्हटलं जातं की मुख्याध्यापकाला तासातून सतत बाहेर बोलावतात आणि त्या तुकडीचंच नुकसान होतं. होतं, जर त्या वेळात कार्यालय कोणाच्या ताब्यात आहे हे ठरलेलं नसेल तर. चाळीस मिनिटं शाळा प्रमुखाविना चालू शकत नसेल, तर बिघाड त्या तासिकेत नसून कारभारात आहे, आणि तो उघडा पाडायला ही तासिका उपयोगीच पडते. शिवाय नवं पाठ्यपुस्तक, नवा मूल्यमापन तक्ता, मोडका फळा यांचा त्रास स्वतःच्या वर्गात भोगणारा प्रमुख शिक्षकांवर आणखी एक नमुना भरायला लादण्याआधी विचार करतो.

आणि परतीची वाट. आज मुख्याध्यापकपदावरून पुन्हा पूर्णवेळ वर्गात जाणं म्हणजे पदावनती, शिक्षा, नामुष्की. त्यामुळे ज्याला हे काम मानवत नाही तोही निवृत्तीपर्यंत तिथेच बसून राहतो. त्याचंही वाटोळं आणि शाळेचंही. अनेक विद्यापीठांत विभागप्रमुखपद ठरावीक वर्षांनी फिरतं आणि आधीचा प्रमुख कमीपणा न वाटता वर्गात आणि संशोधनात परततो. शाळेत तीन वर्षं फार अपुरी, कारण वेळापत्रक आणि पाठ निरीक्षणाची घडी बसायलाच दोन वर्षं जातात. पण सहा-सात वर्षांची मुदत आणि त्यानंतर वेतन न घटता वर्गात परतण्याचा हक्क का असू नये? सिंगापूरने २००१ मध्ये शिक्षकांना नेतृत्वाचा मार्ग आणि अध्यापनाचा मार्ग असे वेगळे मार्ग आखून दिले. शिकवण्यातच राहून मास्टर टीचरसारख्या वरिष्ठ पदांपर्यंत चढता येतं, त्यामुळे पगार वाढावा म्हणून कोणाला वर्ग सोडावा लागत नाही. व्यवस्थापकवाल्यांच्या त्या बोचऱ्या मुद्द्याला, चांगला शिक्षक गमावण्याच्या मुद्द्याला, याहून चांगलं उत्तर मला दिसत नाही. परतलेला मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलीत बसला की नव्या प्रमुखाला वेळापत्रकाची अडचण विचारायला हक्काचं माणूस मिळतं, आणि त्या खोलीतल्या इतरांना, आत चाललेल्या कामाचा खरा अंदाज असलेला एक सहकारी.